डीनरी नावाची सोय: एका पॅरिशच्या खजिनदाराने केलेले परीक्षण

चर्च ऑफ इंग्लंडच्या कारभारात डीनरी, म्हणजे शेजारशेजारच्या काही पॅरिशचा (स्थानिक चर्च आणि त्याच्या परिसराला पॅरिश म्हणतात) गट, ही अशी एक पायरी आहे की रविवारी उपासनेला येणाऱ्या बहुतेकांना तिचे नावही नीटसे ठाऊक नसते. तरीही आपल्या दानातला किती हिस्सा धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपच्या अधिकारक्षेत्राकडे, जायचा, शेजारच्या गावचा पाळक निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी पूर्ण वेळेचा माणूस येणार की अर्ध्या वेळेचा, आणि तरुणांसाठी नेमायचा कार्यकर्ता एका पॅरिशला परवडत नसेल तर तो चार पॅरिशनी मिळून ठेवावा का, हे प्रश्न पुष्कळदा याच पायरीवर पहिल्यांदा बोलले जातात. मी इंग्लंडच्या मध्य भागातील एका लहान शहरातल्या पॅरिशचा खजिनदार आहे आणि डीनरी सिनडचा, म्हणजे डीनरीच्या प्रतिनिधी सभेचा, निवडून आलेला सभासदही आहे. त्यामुळे हे परीक्षण धर्मशास्त्राच्या अंगाने केलेले नाही. जी सेवा आमची पॅरिश दरवर्षी पैसे मोजून घेते, ती पैशाच्या मोलाची आहे का, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

माझे मत आधीच सांगतो. दान गोळा करण्याच्या सामाईक सोयी उत्तम आहेत, अडीअडचणीला एकमेकांना माणसे देण्याघेण्याची व्यवस्था चांगली आहे, आणि एकत्र नियोजन करण्याचा भाग मात्र कच्चा आहे. कच्चा राहण्याचे कारण माणसांच्या अनास्थेत नाही. नियोजन करायला जे बसतात त्यांच्या हाती तिजोरी नसते आणि तिजोरी ज्यांच्या हाती असते ते आमच्या सभागृहात सहसा बसत नाहीत, हे ते कारण आहे.

भारतातून इथे आलेल्या अनेकांचा असा समज असतो की हे चर्च राज्याशी जोडलेले असल्यामुळे पाळकांचा पगार सरकार देत असेल. तसे अजिबात नाही. रहिवाशांकडून सक्तीने वसूल होणारा चर्च रेट १८६८ सालीच रद्द झाला आणि आज पॅरिशचा खर्च मुख्यत्वे सभासदांच्या दानावर, सभागृहाच्या भाड्यावर आणि थोड्याबहुत ठेवींच्या व्याजावर चालतो. महाराष्ट्रातल्या जुन्या अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. त्या मंडळ्यांतून आलेल्या वाचकांना धर्मप्रांताकडे भरायचा वाटा ही कल्पना परिचयाची असेल, पण डीनरीचा उपयोग काय, असा प्रश्न त्यांच्यापैकी काही जणांनी मला विचारला आहे आणि हे लेखन त्यांच्यासाठीच आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली ज्या वाँटेज गावच्या पॅरिश चर्चमध्ये झाला, त्या गावाच्या नावाने आजही ऑक्सफर्ड धर्मप्रांतात एक डीनरी आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

रचना समजून घेतल्याशिवाय परीक्षणाला अर्थ नाही. प्रत्येक पॅरिशचा कारभार पॅरिश चर्च कौन्सिल, म्हणजे पीसीसी, पाहते. १९५६ च्या कायद्याने पीसीसीला स्वतंत्र कायदेशीर व्यक्तित्व आहे, त्यामुळे ती करार करू शकते, नोकर ठेवू शकते, खाते उघडू शकते. अशा काही पॅरिश मिळून डीनरी होते आणि तिचा प्रमुख त्याच भागातला एक पाळक असतो, ज्याला काही ठिकाणी रुरल डीन तर काही ठिकाणी एरिया डीन म्हणतात. डीनरी सिनड १९६९ च्या कायद्याने अस्तित्वात आले. त्यात पाळकांचे एक सभागृह आणि सर्वसामान्य सभासदांचे एक सभागृह असते, आणि डीन व सभासदांनी निवडलेला अध्यक्ष असे दोघे मिळून बैठक चालवतात. पॅरिशच्या समाईक प्रश्नांवर समाईक धोरण ठरवणे, पॅरिशमध्ये परस्परावलंबनाची भावना वाढवणे आणि चर्चचे संपूर्ण सेवाकार्य डीनरीभर पुढे नेणे, ही कामे त्या कायद्यानेच सिनडकडे सोपवलेली आहेत. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही: धर्मप्रांताने ठरवले तर डीनरीच्या वाट्याला आलेली एकूण रक्कम पॅरिशमध्ये कशी वाटायची, हा अधिकार तो डीनरी सिनडला देऊ शकतो. माझ्या मते या सेवेचा कस लागतो तो नेमका याच तरतुदीवर.

बैठका कशा होतात, याचे वर्णन केल्याशिवाय ग्राहकाला अंदाज येणार नाही. आमच्या डीनरीत संध्याकाळी साडेसातला कुठल्यातरी एका पॅरिशच्या सभागृहात सारे जमतात, यजमान पॅरिशच्या बायका-पुरुषांनी चहाचा मोठा बंब आधीच तापत ठेवलेला असतो, आणि घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या अशा मांडलेल्या असतात की पुढच्या दोन रांगा नेहमी रिकाम्याच राहतात. प्रार्थना होते, मागच्या बैठकीचे इतिवृत्त मंजूर होते, आणि मग धर्मप्रांताच्या कार्यालयातून आलेली एखादी व्यक्ती पर्यावरण, शाळा किंवा बालसुरक्षा यांपैकी एखाद्या विषयावर पडद्यावर चित्रे दाखवत बोलते. विषय महत्त्वाचे असतात आणि बोलणारे तयारीचे असतात, पण तासभर ऐकून झाल्यावर ठराव करायला काही उरत नाही. सिनड म्हणजे निर्णय घेणारी सभा असे पुस्तकात लिहिलेले असले, तरी वर्षातल्या बहुतेक बैठकांत आम्ही श्रोते असतो. पहिल्यांदा निवडून आलेले सभासद दुसऱ्या वर्षापासून का गळतात, याचे उत्तर इथेच आहे.

याला अपवाद असतो तो पैशांच्या वाटणीच्या बैठकीचा. त्या संध्याकाळी पुढच्या रांगाही भरतात.

हा वाटा, ज्याला आमच्याकडे पॅरिश शेअर म्हणतात आणि इतरत्र कॉमन फंड किंवा अन्य काही म्हणतात, इतका मोठा का झाला हे समजायला थोडे मागे जावे लागते. पूर्वी प्रत्येक पाळक आपल्या पॅरिशच्या जमिनीच्या उत्पन्नावर जगत असे, त्यामुळे एका गावचा पाळक गाडीघोडे बाळगून असे आणि शेजारच्या गावचा पाळक हातातोंडाची गाठ घालत असे. १९७६ च्या कायद्याने या जमिनी धर्मप्रांतांच्या वित्त मंडळांकडे गेल्या आणि उत्पन्नातली ती विषमता बरीचशी संपली, पण त्याचबरोबर पॅरिशचा स्वतःच्या पाळकाच्या पगाराशी असलेला थेट संबंधही संपला. मध्यवर्ती मालमत्ता सांभाळणाऱ्या चर्च कमिशनर्सनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्थावर मालमत्तेत केलेल्या गुंतवणुकी बुडाल्या आणि सुमारे ८० कोटी पौंडांचा फटका बसल्याचे १९९२ साली उघड झाले. पुढे १९९८ पासूनच्या सेवेचे निवृत्तिवेतन धर्मप्रांतांनी, म्हणजे अखेरीस पॅरिशनी, भरायचे असे ठरले. आज पाळकाचा पगार, घर, निवृत्तिवेतन आणि प्रशिक्षण यांचा बहुतांश भार या वाट्यातून उचलला जातो. त्यामुळे आमच्या अंदाजपत्रकात छपराची दुरुस्ती, ऑर्गनची देखभाल आणि गॅसचे बिल यांच्या आधी पहिल्या ओळीत हाच आकडा असतो आणि बाकी साऱ्याला त्याच्या मागे रांगेत उभे राहावे लागते.

वाटा ठरवण्याची सूत्रे प्रत्येक धर्मप्रांताची निराळी आहेत. कुठे उपासनेला येणाऱ्यांची सरासरी धरतात, कुठे पॅरिशच्या स्वतःच्या मतदार यादीतल्या सभासदांची संख्या, कुठे त्या भागातली सांपत्तिक स्थिती, आणि कुठे या तिन्हींचे मिश्रण. यातला धोका खजिनदारांना चांगला माहीत आहे: माणसे मोजून वर्गणी ठरत असेल, तर माणसे कमी मोजण्याकडे कल होतो. मग ज्या पॅरिशने मेहनतीने नवी कुटुंबे जोडली तिला पुढच्या वर्षी जास्त भरावे लागते आणि जी पॅरिश निवांत राहिली तिला सूट मिळते. सेवाकार्य वाढवा असे एका तोंडाने सांगायचे आणि वाढवल्याबद्दल दुसऱ्या हाताने बिल द्यायचे, असा हा प्रकार आहे.

आमच्या धर्मप्रांताने काही वर्षे डीनरीला एकच एकत्रित आकडा दिला आणि आतली वाटणी आमच्यावर सोपवली. तो प्रयोग मी जवळून पाहिला. सगळ्या खजिनदारांनी एका लांब टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने आपापला ताळेबंद मधोमध ठेवायचा, आणि मग बोलायचे. पहिल्या बैठकीत सारे जण आपापली छपरे किती गळतात तेच सांगत होते. ताळेबंद उघडे असल्यामुळे मात्र लपवाछपवी फार वेळ टिकली नाही. एका खेड्यातल्या पॅरिशकडे मृत्युपत्रातून आलेली बरीच मोठी ठेव होती आणि ती केवळ इमारतीसाठी राखलेली आहे असे त्यांचे म्हणणे होते. कागद पाहिल्यावर लक्षात आले की इमारतीची अट देणाऱ्याने घातलेली नव्हती, पीसीसीनेच कधीतरी ठराव करून घातली होती. दात्याने घातलेले बंधन पीसीसीला मोडता येत नाही, पण स्वतःच घातलेले बंधन स्वतःच सोडता येते, हा हिशेबातला साधा भेद त्या टेबलावर सगळ्यांना एकदम समजला. त्या पॅरिशने, कुणी न सांगता, त्या वर्षी वसाहतीतल्या गरीब पॅरिशच्या वाट्यातली तूट भरून दिली. धर्मप्रांताच्या कार्यालयातून आलेल्या पत्राने हे घडले असते, असे मला वाटत नाही.

पुढे कार्यालयीन सोयीसाठी धर्मप्रांताने वाटणीचे काम पुन्हा आपल्याकडे घेतले. आता वर्षातून एकदा संगणकाने काढलेला आकडा येतो, त्याच्या खाली सूत्र छापलेले असते, आणि शंका असल्यास संपर्क साधावा अशी ओळ असते. आकडा पूर्वीपेक्षा अचूक असेलही. टेबल मात्र मोडले आणि शेजारच्या पॅरिशच्या ठेवी किती, अडचणी काय, हे आता मला वार्षिक हिशेब छापून येईपर्यंत कळत नाही.

वाटा न भरल्यास काय होते, हा प्रश्न हमखास येतो. कायद्याने तो वसूल करता येत नाही. गृहनिर्माण संस्थेत एखाद्याने देखभालखर्च थकवला म्हणून लिफ्ट बंद होत नाही आणि बाकीचे सभासद मुकाट्याने जास्त भरत राहतात, तसेच इथे चालते. थकबाकीदार पॅरिशचा पाळक लगेच काढून घेत नाहीत, पण त्याची जागा रिकामी झाली की ती पुन्हा भरताना थकबाकीचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. सदर्क धर्मप्रांताने याला वेगळी वाट काढली आहे: तिथे पॅरिश सपोर्ट फंड या योजनेत पॅरिशनेच आपली ऐपत पाहून पुढच्या वर्षाचे वचन द्यायचे असते. मला ती पद्धत अधिक प्रौढपणाची वाटते, जरी आकडा स्वतः ठरवायचा म्हटल्यावर काही पीसीसींचा हात आखडतो, हे मीही मान्य करतो.

आता ज्या सेवेला मी सर्वांत जास्त गुण देईन तिच्याकडे वळतो. पॅरिश गिव्हिंग स्कीम, म्हणजे पीजीएस, ही ग्लॉस्टर धर्मप्रांतातून सुरू झालेली आणि आता देशभर पसरलेली योजना आहे. दाता फोनवरून, संकेतस्थळावरून किंवा कागदी अर्जाने एकदा डायरेक्ट डेबिट सुरू करतो. महिन्याच्या पहिल्या दिवशी रक्कम वळती होते, दहा तारखेपर्यंत ती पॅरिशच्या खात्यात येते, आणि करदात्याच्या प्रत्येक पौंडावर सरकारकडून मिळणारे २५ पेन्स, म्हणजे गिफ्ट एड, योजनाच मागून घेऊन पॅरिशला पाठवते. पूर्वी आमच्याकडे क्रमांक छापलेली साप्ताहिक पाकिटे होती. दर रविवारी दोघांनी वस्त्रागारात बसून ती फोडायची, क्रमांकापुढे रक्कम लिहायची, दोघांनी सह्या करायच्या आणि वर्षअखेरीस ते सारे करखात्याच्या तक्त्यात भरायचे, असा तो उद्योग होता. पीजीएस आल्यावर त्यातले बहुतेक काम नाहीसे झाले, आणि पॅरिशला या सेवेसाठी शुल्कही द्यावे लागत नाही.

या योजनेतल्या दोन बारीक गोष्टी मला विशेष आवडल्या. पहिली अशी की दाता दरवर्षी महागाईच्या प्रमाणात आपले दान आपोआप वाढावे अशी संमती देऊ शकतो. दान वाढवा असे व्यासपीठावरून सांगण्याचा संकोच पाळकाला आणि खजिनदाराला सारखाच असतो, आणि त्यामुळे दहा-दहा वर्षे त्याच आकड्यावर थांबलेले, बँकेला दिलेले स्थायी आदेश प्रत्येक पॅरिशमध्ये सापडतात. दुसरी अशी की हवे असल्यास दात्याला आपल्या पॅरिशपासूनही नाव गुप्त ठेवता येते. दानाची थाळी फिरते तेव्हा हात रिकामा दिसू नये म्हणून अशा दात्यांसाठी छोटी कार्डे असतात, आणि ती थाळीत टाकली की आपण महिन्याला देतो एवढेच दिसते, किती देतो ते दिसत नाही. आमच्याकडचे एक वयस्क गृहस्थ मात्र कार्डाबरोबर एक नाणेही टाकतात, कारण नाण्याचा आवाज झाल्याशिवाय दान दिल्यासारखे वाटत नाही असे त्यांचे म्हणणे आहे.

थाळीतल्या सुट्या पैशांनाही वाऱ्यावर सोडू नये. ३० पौंडांपर्यंतच्या लहान रोख किंवा कार्ड टेकवून दिलेल्या दानावर, वर्षाला ८,००० पौंडांच्या मर्यादेत, नावाशिवायही तेवढाच परतावा मागता येतो, म्हणजे जास्तीत जास्त २,००० पौंड. आमच्या डीनरीतल्या दोन पॅरिशनी हा परतावा कधी मागितलाच नव्हता. खजिनदारांच्या अनौपचारिक भेटीत हे कळले आणि शेजारच्या पॅरिशच्या खजिनदाराने त्यांना पहिला अर्ज भरून दिला. डीनरीचा खरा उपयोग विचाराल तर मी अशाच गोष्टींकडे बोट दाखवीन. सामाईक खरेदीसाठी असलेली पॅरिश बाइंग ही राष्ट्रीय सेवाही ठीक आहे. वीज आणि गॅस अनेक चर्चनी एकत्र घेण्याची सोय तिथे आहे, पण खेड्यातले चर्च महिन्यातून दोनच रविवार तापवायचे असेल तर बचत नजरेत भरण्याइतकी होत नाही.

सेवाकार्यातल्या सहकार्याची खरी परीक्षा पाळकाची जागा रिकामी होते तेव्हा होते. त्या काळात पॅरिशचा कारभार कायद्यानेच चर्चवॉर्डन (पॅरिशने निवडलेले, पाळक नसलेले पदाधिकारी) आणि रुरल डीन यांच्याकडे येतो, आणि तो काळ सहज वर्षभर लांबतो. आमच्या शेजारच्या चार खेड्यांच्या गटात अशी वेळ आली तेव्हा डीनरीने जे केले त्याला तोड नाही. निवृत्त पाळकांची यादी काढून रविवारची प्रभुभोजनाची उपासना वाटून दिली गेली, अंत्यविधीसाठी कोणाला फोन करायचा याचा एकच क्रमांक त्या भागातल्या अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांना कळवण्यात आला, आणि आमच्या पॅरिशच्या कार्यालयातील बाईंनी त्या चारही गावांची लग्नाची घोषणापत्रे सांभाळली. एकाही कुटुंबाला नकार मिळाला नाही. याचे श्रेय मी डीनरी चॅप्टरला, म्हणजे पाळकांच्या महिन्याच्या बैठकीला देतो. ते एकत्र जेवतात, एकमेकांच्या सुट्या ओळखून असतात, आणि म्हणून अडचणीच्या वेळी ठराव करण्याची गरज पडत नाही.

पगारी माणूस मिळून ठेवायचा म्हटला की अडचणी सुरू होतात. तरुणांसाठी कार्यकर्ता नेमावा असे चार पॅरिशनी ठरवले, पैशांची वचने आली, जाहिरातीचा मसुदा झाला, आणि मग प्रश्न आला की नेमणूकपत्रावर सही कोणाची. डीनरी सिनडला पीसीसीसारखे कायदेशीर व्यक्तित्व नाही, त्यामुळे ते कोणालाही नोकरीवर ठेवू शकत नाही. म्हणून एका पीसीसीने मालक व्हायचे आणि बाकीच्या तिघींनी तिला करारपत्राने पैसे द्यायचे, असा मार्ग काढावा लागतो. पगारपत्रक, निवृत्तिवेतनाची नोंदणी, आजारपणाची रजा आणि नोकरी संपल्यास द्यावी लागणारी भरपाई, ही सारी जबाबदारी त्या एका पीसीसीच्या अंगावर येते. ती आमच्या अंगावर आली. चौघींपैकी एकीने दुसऱ्या वर्षी हात वर केले तेव्हा तिच्या हिश्शाचे काय करायचे याचे उत्तर आमच्या करारात नव्हते. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी किमान सूचनेची मुदत आणि बाहेर पडणाऱ्याने किती महिने भरायचे, या दोन गोष्टी आधी लिहून घ्याव्यात.

नियोजनाला मी उत्तीर्णही करणार नाही. डीनरीने पाच वर्षांची योजना करावी असे धर्मप्रांताकडून सांगितले जाते, आणि ती मनापासून केलीही जाते. आमच्या योजनेसाठी प्रत्येक पॅरिशमध्ये सभा झाल्या, शाळांशी बोलणे झाले, नव्या वसाहती कुठे उभ्या राहणार ते नकाशावर काढले गेले, आणि अँग्लिकन जगात १९८० च्या दशकापासून रूढ असलेली, चर्चचे काम कशात दिसावे हे सांगणारी सेवाकार्याची पाच लक्षणे समोर ठेवून उद्दिष्टेही लिहिली गेली. योजनेत नव्या वसाहतीसाठी एक पाळक मागितला होता. त्यानंतर धर्मप्रांताच्या अंदाजपत्रकात तूट आली आणि डीनरीतल्या पाळकांची एक जागा कमी करण्याचे पत्र आले, ज्यात आमच्या योजनेचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात आभार मानण्यापुरता होता. ज्या कागदाने कोणताही खर्च मंजूर होत नाही आणि कोणताही खर्च थांबत नाही, त्याला योजना म्हणणे मला जड जाते.

मग पैसा आणि नियोजन एकाच हाती दिल्यास काय होते? लेस्टर धर्मप्रांताच्या सिनडने ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅरिशचे मोठे गट करून त्यांना मिन्स्टर कम्युनिटी म्हणण्याचा आराखडा मंजूर केला. प्रत्येक गटात पाळक आणि सामान्य सभासद यांचा मिळून एक संघ, असा त्यात विचार होता. त्याच वर्षी लंडनमध्ये सुरू झालेल्या सेव्ह द पॅरिश या चळवळीने अशा योजनांना कडाडून विरोध केला. आपल्या गावचा पाळक हा आपल्याच गावचा असावा, आणि दान देणारा माणूस गावच्या चर्चला देतो, प्रशासकीय गटाला देत नाही, हा त्यांचा मुद्दा खजिनदार म्हणून मला हलक्यात घेता येत नाही. आमच्याच पॅरिशमध्ये छप्परनिधीला हात मोकळे होतात आणि पॅरिश शेअरसाठी आवाहन केले की घसे साफ होतात.

वेल्समध्ये हे पाऊल आणखी पुढे गेले आहे. तेथील चर्च १९२० सालीच राज्यापासून वेगळे झाले आणि त्याचे सहा धर्मप्रांत आहेत. लॉर्ड हॅरीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जुलै २०१२ मध्ये असे सुचवले की जुनी पॅरिशव्यवस्था आता झेपणारी नाही, तिच्या जागी माध्यमिक शाळेच्या क्षेत्राएवढे मोठे सेवाक्षेत्र करावे आणि ते एका संघाने सांभाळावे. त्यानुसार अनेक ठिकाणी जुन्या पीसीसींच्या जागी पूर्ण सेवाक्षेत्राचे एकच कौन्सिल आले. तिथे नियोजन करणाऱ्यांच्या हाती खातेही असते, त्यामुळे माझी मुख्य तक्रार निकालात निघते. मात्र खाती एक झाली की उत्पन्नाची बेरीजही एक होते, आणि वर्षाला १,००,००० पौंडांवर गेलेल्या संस्थेला धर्मादाय आयोगाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. त्याखालच्या चर्चना मिळणारी सूट ३१ मार्च २०३१ पर्यंतच आहे. चार लहान पॅरिश, ज्यांचे हिशेब आजवर एखादा निवृत्त बँक कर्मचारी वहीत लिहीत होता, त्या एकत्र येताच त्यांना विश्वस्तांची नावे, वार्षिक विवरणपत्र आणि अधिक कडक तपासणी यांना सामोरे जावे लागते. इंग्लंडमध्येही २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी एकाच पाळकाखालच्या पॅरिशना संयुक्त कौन्सिल नेमता येते. जे तसा विचार करत आहेत त्यांनी ठरावाच्या आधी ही बेरीज करून पाहावी.

माझी शिफारस कोणाला? ज्या पॅरिशचा खजिनदार एकटा पडला आहे, तिने पीजीएसमध्ये नाव नोंदवायला एक महिनाही थांबू नये. ज्या पॅरिशना माणूस मिळून ठेवायचा आहे, त्यांनी डीनरीत बोलणी करावीत आणि करार मात्र पीसीसींमध्ये करावा. ज्या धर्मप्रांतांत वाटणीचा अधिकार अजून डीनरीकडे आहे, तिथल्या सभासदांनी तो सोयीच्या नावाखाली परत देऊ नये. पाचपैकी गुण द्यायचे तर मी तीन देईन, आणि वाटणीचे टेबल आम्हाला परत मिळाले तर चार.

डीनरी सिनडवर निवडून जाण्यासाठी वय सोळा वर्षे पूर्ण असावे लागते, प्रभुभोजनात सहभागी होणारा सभासद असावे लागते आणि पॅरिशच्या मतदार यादीत नाव असावे लागते. ही यादी दर सहा वर्षांनी कोरी करून नव्याने केली जाते आणि २०२५ साली ती तशी झाली, तेव्हा जुन्या यादीत नाव होते म्हणून निर्धास्त राहू नये. निवडणूक दर तीन वर्षांनी वार्षिक सभेत होते आणि ती सभा ३१ मे पर्यंत घ्यावी लागते. बहुतेक पॅरिशमध्ये जागांपेक्षा उमेदवार कमी असतात, त्यामुळे हात वर केला की निवड झालीच असे समजावे. निवडून आलेली व्यक्ती आपोआप पीसीसीचीही सभासद होते, म्हणजे संध्याकाळी दोन्हीकडच्या बैठकांना जावे लागते, हे उमेदवाराने अर्ज भरण्यापूर्वी घरी सांगून ठेवावे.